अखेरचा शब्द मुलांचा

बालवाडीत सकाळची प्रार्थना नुकतीच आटोपली आहे. पंचवीस-तीस मुले सतरंजीवर दाटीवाटीने बसली आहेत. कोणाच्या मुठीत अद्यापि घरून आणलेल्या पोळीचा तुकडा आहे, कोणी शेजारणीच्या वेणीतल्या रिबिनीशी चाळा करीत आहे, आणि दाराशी बसलेल्या एकाचे सारे चित्त बाहेर पहुडलेल्या कुत्र्याकडे लागले आहे. बाई एक मोठे पुस्तक उचलतात आणि पान उघडून वर्गासमोर धरतात. पानावर एका घराचा ओटा आहे, ओट्यावर चढलेली शेळी आहे, आणि ओट्याच्या अगदी कडेला पाण्याने भरलेला लोटा आहे. चित्राखाली ठसठशीत अक्षरांत दोन ओळी आहेत. बाई ओळींखालून बोट फिरवीत वाचू लागतात :

शेळी चढली ओट्यावर,
पाय ठेवला...

आणि तेथेच थांबतात.

क्षणभर वर्ग स्तब्ध होतो. दाराशी बसलेल्या मुलाची मान आत वळते. मग दोन-चार कोवळे आवाज उठतात आणि त्यांच्यामागोमाग सारा वर्ग ओरडतो, “लोट्यावर!” बाई पान उलटतात. पुढच्या चित्रात लोटा लवंडला आहे, पाणी पायऱ्यांवरून ओघळत अंगणात चालले आहे आणि शेळी बावरून दूर उभी आहे. ज्यांनी शब्द आधी सांगितला त्यांच्या तोंडावर, जणू तो लोटा आपणच पाडला असे समाधान पसरलेले असते.

या दोन ओळी केवळ उदाहरणादाखल जुळवलेल्या आहेत. काव्य म्हणून त्यांची किंमत फारशी नाही. पण त्या वाचताना बाई जेथे थांबल्या, त्या जागेची किंमत मोठी आहे. त्या वर्गातल्या पुष्कळशा मुलांना अद्यापि एकही अक्षर ओळखता येत नाही. तरीही त्या क्षणी त्यांनी जे केले, ते वाचणाऱ्या माणसाचेच काम होते. मागच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता असावा याचा त्यांनी तर्क बांधला, तो तर्क चित्राशी ताडून पाहिला आणि मग तो निःशंकपणे उच्चारला. वाचन म्हणजे एकेक अक्षर ओळखून त्यांची बेरीज करणे, अशी एक समजूत आपल्या शाळांत फार दिवस नांदत आली आहे. अक्षरओळखीवाचून वाचन नाही, हे खरेच. परंतु पुढे काय येणार याची उत्कंठा ज्याच्या मनात नाही, त्याच्या हाती अक्षरे आली तरी ती सुटीच राहतात. यमक ही उत्कंठा निर्माण करते आणि चित्र तिला वळण लावते.

आता याच वर्गात एखादा मुलगा “तांब्यावर!” असे म्हणतो, असे समजावे. पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक घरांत त्या भांड्याला तांब्याच म्हणतात, तेव्हा त्याचे उत्तर मुळीच चुकीचे नाही. त्याने चित्र नीट पाहिले आहे. मात्र ओळीचा नाद त्याच्या कानांत उतरलेला नाही. त्याच वेळी दुसरी एखादी मुलगी “गोट्यावर!” असे म्हणते. तिच्या कानाने आपले काम चोख केले आहे, परंतु चित्रात गोट्या कोठेही नाहीत. डोळा मागे राहिला आहे. दोन्ही उत्तरे पुस्तकातल्या शब्दाहून वेगळी आहेत, पण ती एकाच जातीची नव्हेत. एकाला ऐकायला शिकवायचे आहे आणि दुसरीला पाहायला. चतुर शिक्षिकेला त्या एका विरामात जेवढे कळते, तेवढे महिनाअखेरच्या चाचणीत कळत नाही. “तांब्याच की रे तो! पण ‘ओट्यावर’शी जुळतो का, म्हणून बघ बरं,” एवढे म्हटले की मुलगा ते दोन शब्द तोंडात घोळवून पाहतो, आणि आपली दुरुस्ती आपणच करतो. ही दुरुस्ती बाईंनी केलेली नसते, म्हणून ती टिकते.

यमकबद्ध चित्रपुस्तकाचे सामर्थ्य या दुहेरी साक्षीत आहे. नुसत्या बडबडगीतात कानाची साक्ष मिळते, नुसत्या चित्रांच्या पुस्तकात डोळ्याची. एकीने मूल चुकले तर दुसरी त्याला सावरते, आणि दोघींचा कौल जुळला की त्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.

ही कल्पना नवी नाही. बालशिक्षणाचा आद्य आचार्य कोमेनियस याने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन अशा दोन भाषांत आपले सचित्र जगत्दर्शन प्रसिद्ध केले. त्याच्या आरंभी वर्णमाला आहे आणि तीत प्रत्येक वर्णासमोर एखादा प्राणी किंवा एखादी सृष्टीतील वस्तू काढून तिचा आवाज दिला आहे. कावळ्याचे चित्र, त्याचे ओरडणे आणि त्या ओरडण्यातून निघालेला स्वर. यमक तेथे नाही, पण डोळ्याला दिसते त्याला कानाची जोड द्यावी, ही दृष्टी तेथे स्पष्ट आहे. आणि इतके दूर तरी कशाला जावे? कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले. पोथीतील एकेक चित्र प्रेक्षकांसमोर उभे करायचे, वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीवर रामायण-महाभारतातला प्रसंग गाऊन सांगायचा आणि मग पुढचे पान काढायचे. समोर बसलेल्या मंडळींपैकी किती जणांना अक्षरओळख असेल? परंतु कथा त्यांच्यापर्यंत पोचत होती. शिशुवर्गात पुस्तक उंच धरून बसलेल्या बाई नकळत त्या परंपरेचाच एक धागा हाती धरतात.

मुलांच्या पहिल्या पुस्तकात यमक आणि चित्र यांचा असा संगम जाणीवपूर्वक घडवून आणण्याचा मान भारतात बंगालीकडे जातो. ईश्वरचंद्र विद्यासागरांचे ‘वर्णपरिचय’ १८५५ साली निघाले आणि त्याने बंगाली अक्षरशिक्षणाला शिस्त लावली. पण ती शिस्त प्रौढ माणसाची होती. १८९७ साली योगींद्रनाथ सरकार यांनी ‘हासिखुशि’ काढले आणि वर्णमालेतील अक्षरांना चित्रे आणि जुळत्या ओळी यांचा पोशाख चढवला. पुढे १९३० साली रवींद्रनाथांचा ‘सहज पाठ’ प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या भागात वर्ण येतात ते लहानशा यमकबद्ध ओळींतून, आणि चित्रे आहेत नंदलाल बसूंची. जगाने गौरवलेला कवी आणि देशातला एक अग्रगण्य चित्रकार एका पहिलीच्या पुस्तकासाठी एकत्र बसले, ही घटना लहान नव्हे. त्या चित्रांत रंगांची उधळण नाही. काळ्या-पांढऱ्यातच काम भागवले आहे. परंतु प्रत्येक चित्रात पाहण्यासारखे काहीतरी आहे आणि ओळीत ऐकण्यासारखे. मुलांसाठी लिहिताना आपल्या उंचीवरून खाली यावे लागते, या समजुतीला तेथे थारा नाही.

पुढे अमेरिकेतही हा प्रश्न वेगळ्या वाटेने उभा राहिला. तेथील शाळांतली पहिली वाचनपुस्तके इतकी नीरस आहेत की मुलांना वाचावेसे वाटत नाही, अशी टीका जॉन हर्सी या लेखकाने १९५४ साली केली. तिचे एक फळ म्हणजे डॉ. स्यूस या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखक-चित्रकाराचे १९५७ सालचे टोपीवाल्या मांजराचे पुस्तक. अवघे २३६ निरनिराळे शब्द वापरून त्याने एक संपूर्ण, खट्याळ, यमकबद्ध गोष्ट रचली आणि चित्रेही स्वतःच काढली. मोजक्या शब्दांची अट मुळात कंटाळा उत्पन्न करणारी. यमकाने तिचेच खेळात रूपांतर केले.

परंतु मुलांना आवडते म्हणून ते शिकवतेही, असे म्हणणे घाईचे होईल. गुळाचा खडा मुलांना आवडतो, पण त्याने भूक भागत नाही. यमकाने खरोखर काही साधते काय, याचा कसोशीने शोध इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी घेतला आणि १९८३ साली तो प्रसिद्ध केला. वाचायला न शिकलेल्या चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांना त्यांनी काही शब्द ऐकवले आणि त्यांतला नादाने वेगळा पडणारा शब्द ओळखायला सांगितला. मग सुमारे चार वर्षे त्या मुलांच्या प्रगतीवर लक्ष ठेवले. ज्यांचा कान आरंभी तयार होता, ती मुले पुढे वाचनात आणि शुद्धलेखनात सरस ठरली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्यांना हा भेद ओळखणे जड जात होते अशी ६५ मुले निवडून त्यांचे गट पाडले आणि दोन वर्षांत मिळून ४० बैठकी घेतल्या. एका गटाला चित्रांच्या साह्याने, समान नादाचे शब्द एकत्र करायला शिकवले. दुसऱ्या गटाला तेच शिकवून शिवाय प्लॅस्टिकची सुटी अक्षरे हाती दिली, म्हणजे नाद सारखा तेथे अक्षरही सारखे, हे त्यांना डोळ्यांनी दिसावे. सर्वांत पुढे गेला तो हा दुसरा गट. नाद, चित्र आणि अक्षर ही तिन्ही एकत्र आली तेव्हा यश पदरात पडले. आणि ती तिन्ही एकत्र येण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे यमकबद्ध चित्रपुस्तकाचे पान. मात्र त्यासाठी त्या पानावरच्या अक्षरांखालून बाईंचे बोट फिरले पाहिजे. बोट फिरले नाही तर मुलांना गाणे येते, वाचन येत नाही.

विरामाविषयीही प्रयोग झाले आहेत. कर्स्टन रीड या संशोधिकेने २०१४ साली लहान मुलांना कल्पित प्राण्यांच्या यमकबद्ध गोष्टी ऐकवल्या. प्राण्याचे नवे नाव यमकाच्या जागी, म्हणजे अपेक्षा निर्माण झाल्यानंतर आले, तेव्हा ते मुलांच्या अधिक ध्यानात राहिले, आणि वाचणाऱ्याने त्या शब्दापूर्वी थांबून घेण्याचाही उपयोग झाला. अनुभवी बाईंना हे सांगावे लागत नाही. पण नवशिक्या बाईंना सांगावे लागते, कारण नवशिक्याला शांतता सहन होत नाही. मुलांचा तर्क पुरा होण्याआधीच ती शब्द उच्चारून मोकळी होते.

इंग्रजीतील हे निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लागू पडतील काय? येथे थोडे थांबले पाहिजे. इंग्रजीत वर्णाक्षरे सुटी असतात, म्हणून जुळणाऱ्या दोन शब्दांत पहिले अक्षर बदलते आणि बाकीची तशीच राहतात. मराठीचे अक्षर हे व्यंजन आणि स्वर यांचे मिळून झालेले असते. ‘काळा’, ‘शाळा’, ‘माळा’ हे शब्द एकाखाली एक लिहिले की काय दिसते? शेवटचे अक्षर तेच. पहिले अक्षर मात्र अर्धे बदलते आणि अर्धे बदलत नाही : ‘क’ जातो, ‘श’ येतो, ‘श’ जातो, ‘म’ येतो, काना आपल्या जागी अढळ. अक्षराचे दोन घटक असतात आणि ते वेगळे होऊ शकतात, हे मराठी वाचनातले सर्वांत अवघड कोडे आहे. बाराखडी घोकणाऱ्या मुलाला ते वर्षभर उलगडत नाही. ‘का कि की’ हा त्याला एक अखंड मंत्र वाटतो. कन्नड वाचनाविषयी सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही दिसून आले, की अक्षरांचे भांडार आत्मसात व्हायला आपल्याकडील मुलांना इंग्रजी शिकणाऱ्या मुलांहून पुष्कळ अधिक काळ लागतो, आणि अक्षराच्या आतील घटकांची जाण तर आणखी उशिरा येते. यमक हे कोडे खेळता खेळता सोडवते.

पुन्हा त्या शेळीकडे वळावे. ‘ओट्यावर’ आणि ‘लोट्यावर’. पहिल्यात ‘ओ’ स्वतंत्र आहे, पूर्ण आकाराचा. दुसऱ्यात तोच ‘ओ’ काना-मात्रेच्या रूपाने ‘ल’ला चिकटला आहे. कानाला ऐकू येणारा स्वर एकच, पण कागदावर त्याची रूपे दोन. हा भेद समजावून सांगायला एरवी फळ्यावर किती खडू झिजतात! येथे ते दोन्ही शब्द एकाखाली एक उभे असतात आणि बाईंनी बोट ठेवायचा अवकाश असतो. जोडाक्षरे पहिल्या पुस्तकात येऊ द्यावीत की नाहीत, हा वाद शिक्षकांत जुना आहे. पण कान जोडाक्षराला भीत नाही, आणि मूल तो शब्द अक्षर लावून वाचत नसून नादाने ओळखत असते, तोवर त्या वादाचे कारण पडत नाही.

मराठी यमकाचा आणखी एक गुण, व्याकरणाचा, विशेषतः परमुलुखातील मराठी कुटुंबांनी ध्यानात घेण्याजोगा आहे. इंदूर, दिल्ली, बडोदे, हैदराबाद येथे वाढणारी मराठी मुले घरी मराठी बोलतात. पण शाळेची आणि अंगणाची भाषा निराळी. त्यांची जीभ नेमकी कोठे अडखळते? सामान्यरूपापाशी. हिंदीच्या वळणाने ती ‘ओटेवर’ असे म्हणतात. त्यांना विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये समजावून द्यावीत, तर ती पळून जातील. परंतु ‘ओट्यावर’ने ‘लोट्यावर’चा हात धरला की दोन्ही रूपे बरोबर येतात, कारण एक चुकले तर दुसऱ्याशी जुळत नाही. मराठी मंडळांचे रविवारचे वर्ग जेथे चालतात, तेथे आठवड्यातून एकच तास मिळतो. त्या तासात बाराखडीच्या तक्त्याहून अशी पाच-सहा पाने अधिक काम करतील.

येथे बोलीचा प्रश्न उभा राहतो. वऱ्हाडातल्या कित्येक खेड्यांत मूल ‘शाळा’ला ‘शाया’ म्हणते आणि ‘काळा’ला ‘काया’. किनाऱ्यावरच्या वस्त्यांत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत छापलेले. मग यमक मोडते काय? मुळीच नाही. ‘काया’ आणि ‘शाया’ तितकेच जुळतात, ‘पानी’ आणि ‘रानी’ही. उच्चार बदलतो तो साऱ्या शब्दांचा एकाच नियमाने बदलतो, म्हणून नात्याला धक्का लागत नाही. इतकेच काय, प्रमाण उच्चारात ‘गाणी’ आणि रानातली ‘रानी’ पुरती जुळत नाहीत, ती कोळीवाड्यातल्या मुलीच्या तोंडी जुळतात; तिच्या कानाला एक यमक जास्तच सापडते. अशा वेळी यमकाचा आनंद अर्ध्यावर तोडून “शाया नव्हे, शाळा म्हण” असे बजावणे म्हणजे मुलाने नुकतेच उघडलेले दार त्याच्याच बोटांवर लोटणे होय. उच्चार सुधारायला पुढे सारे आयुष्य पडले आहे, आणि पानावरचा ‘ळ’ पाहता पाहता तो पुष्कळदा आपोआपही सुधारतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा विवेक फार पूर्वी दाखवला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांतील मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, आणि गुरांमागे जाणाऱ्यांसाठी ती कुरणात भरवावी, असा त्यांचा विचार. त्या पाड्यांवर लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक रेखला जातो आणि धवलेरी गाणी म्हणत असते. चित्र आणि गीत तेथे एकाच अंगणात, एकाच वेळी जन्माला येतात. अशा घरातून आलेल्या मुलाला छापील चित्रपुस्तक परके वाटायचे कारण नाही. ते परके वाटले, तर दोष पुस्तकाचा असतो : त्यातल्या घराला ओटा नसतो, त्यातल्या प्राण्यांना मूल ओळखत नाही, आणि त्यातले यमक कोणाच्याही घरात बोलल्या न जाणाऱ्या शब्दांनी जुळवलेले असते.

पुस्तकांच्या दोषांविषयी स्पष्ट बोलणे बरे. मराठीला यमकांची वाण कधीच नव्हती; मोरोपंतांनी तर तिच्याकडून यमकांची कवाईत करून घेतली. जात्यावरच्या ओवीला यमक सहज सुचत असे, कारण ते गाणाऱ्या बाईच्या श्वासाशी बांधलेले होते. मुलांसाठी लिहिणाऱ्या पुष्कळांना ते सहज सुचत नाही. मग ते शब्दाची ओढाताण करतात, क्रियापद कोठल्या कोठे फेकतात, नाहीतर दर ओळीच्या शेवटी ‘छान’ आणि ‘लहान’ आणून बसवतात. अशा ओळीत पुढचा शब्द ओळखण्यात मुलाला काही गंमत उरत नाही, कारण तो दर पानाला तोच असतो. भाषांतरित पुस्तकांत तर संकट दुहेरी असते. मूळ भाषेत दोन शब्द जुळतात म्हणून चित्रकाराने त्या दोन वस्तू चित्रात एकत्र आणलेल्या असतात. मराठीत आल्यावर वस्तू तेथेच राहतात आणि त्यांची नावे जुळत नाहीत. कोल्हा पेटीवर का बसला आहे, याचे उत्तर इंग्रजीत यमक हे असते. मराठीत ते उत्तरच नाहीसे होते आणि कोल्हा उगीच बसून राहतो. विंदा करंदीकरांसारख्या थोर कवीने १९६१ साली ‘राणीची बाग’ लिहून मुलांच्या कवितेला हात लावला, आणि अलीकडे माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकारांनी शब्द आणि चित्र एकाच हातून घडवले. गुणवत्तेची उणीव मराठीत नाही. कवीला आणि चित्रकाराला एका मेजाशी बसवण्याची तसदी फार थोडे जण घेतात, एवढेच.

वर्गातली एक व्यावहारिक अडचण मोठी आहे. पुस्तक जन्मले ते मांडीवरच्या एका मुलासाठी. वर्गात मुले तीस. मागच्या रांगेतल्याला चित्र दिसत नाही आणि अक्षरे तर नाहीच नाही. त्याला फक्त ऐकू येते, म्हणून तो पाठ म्हणू लागतो. आणि पाहणाऱ्याला तो वाचतो आहे असे वाटते. न्यूझीलंडमध्ये डॉन होल्डवे या शिक्षणतज्ज्ञाने यावर साधा तोड काढला : पुस्तकच मोठे करायचे, साऱ्या वर्गाला ओळी दिसतील एवढे. त्याचे याविषयीचे पुस्तक १९७९ साली निघाले. असे मोठे पुस्तक विकतच घ्यावे लागते असे नाही. जुन्या दिनदर्शिकेचे पाठकोरे कागद, जाड लेखणी आणि सुतळी एवढ्यात ते होते. बाईंना चित्र चांगले काढता आले नाही तरी चालते. लोटा ओट्याच्या कडेला हवा, एवढे मात्र सांभाळावे लागते, कारण सारा तर्क त्या कडेवर उभा आहे.

आणि तेच पुस्तक पुनःपुन्हा वाचावे लागते. मोठ्यांना त्याचा कंटाळा येतो, मुलांना येत नाही. पहिल्या दिवशी गोष्ट, दुसऱ्या दिवशी यमक, चौथ्या-पाचव्या दिवशी अक्षरे, अशी त्यांची नजर हळूहळू चित्रावरून खाली उतरते. मधेच बाईंनी खोडी करून “पाय ठेवला खाटेवर” असे वाचले की वर्गात जो कल्लोळ उसळतो, तो ऐकण्यासारखा असतो. आठवड्याअखेर एखादी मुलगी बोटाने ‘ओ’ दाखवून “हा आणि हा सारखाच वाजतो” असे म्हणते. त्या दिवशी बाराखडी तिची झाली.

प्रश्न गमतीचा नाही. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची ‘असर’ या नावाने पाहणी होते. २०२२ सालच्या पाहणीत पाचवीतल्या दर १०० मुलांपैकी सुमारे ४३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेली ५७ मुले मंद होती असे कोणी म्हणणार नाही. अक्षराचा आणि आवाजाचा संबंध ज्या वयात खेळता खेळता जुळायचा, त्या वयात तो जुळला नाही. आणि पुढे तो जुळवायला वेळ कोणाला नव्हता. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर अंगणवाड्यांचे जाळे विणले, २०२०च्या शिक्षणधोरणाने तीन ते आठ या वयाला शिक्षणाचा पाया मानले. जागा झाली, धोरण झाले. पुस्तकेही पुष्कळ ठिकाणी पोचली.

पोचली, पण कोठे? बहुधा कपाटात. शाळेच्या प्रत्येक वस्तूप्रमाणे पुस्तकही जडसंग्रह नोंदवहीत चढते आणि तपासणीच्या दिवशी ते धडधाकट दाखवावे लागते. फाटले तर खुलासा कोणी लिहायचा? म्हणून किल्ली फिरते आणि मुले काचेतून मुखपृष्ठे पाहतात. एखाद्या शिक्षिकेने धीर करून ती किल्ली जरा मोकळी ठेवली, की महिन्याभरात सर्वांत आवडते पुस्तक कोणते हे विचारावे लागत नाही. त्याच्या पानांचे कोपरे गोल झालेले असतात, शेळीच्या पोटावर तेलकट बोटांचा ठसा असतो, आणि खळ लावून चिकटवलेल्या पट्ट्यांनी कणा जाड झालेला असतो. ओट्याच्या पानाचा खालचा कोपरा तर केव्हाच फाटून गेलेला असतो, नेमका तो शब्द होता तेथला. बाई पान वर धरतात, ओळीखालून बोट नेतात. बोट फाटक्या कडेशी येऊन थांबते, आणि वर्ग तो शब्द म्हणतो.